बर्फाच्या उतारावरची सावधानता

(पांढुर्णा व सौंसर येथील युवक, यात्रेकरू आणि नागरिक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत हिमवर्षाव होत नाही. जाम आणि कन्हान या नद्यांच्या परिसरातील या संत्र्यांच्या मुलखाला बर्फाची ओळख आहे ती गारपिटीच्या रूपाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवचित आभाळ भरून येते, गारांचा मारा होतो, आंबिया बहार झडून जातो आणि बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते. पुढे घटकाभरात त्या गारा विरघळूनही जातात. बर्फ म्हणजे वरून कोसळणारे आणि लगेच नाहीसे होणारे संकट, अशी समजूत या भागात रूढ झाली असल्यास त्यात नवल नाही.

हिमालयातील बर्फाची रीत निराळी आहे. तेथे तो निःशब्दपणे पडतो, आणि पडल्यावर जात नाही. महिनोन्महिने डोंगरउतारांवर थरावर थर चढत राहतात. एखाद्या दिवशी या साठ्याचा काही भाग सुटतो आणि ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने दरीत कोसळतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. गारांचे संकट आकाशातून येते, तर हे संकट पायांखालच्या उतारात दबा धरून बसलेले असते. म्हणूनच ते आधी ओळखता येणे पुष्कळ अंशी शक्य असते.

हा विषय येथे कशासाठी?

सातपुड्याच्या पायथ्याशी हिमस्खलनाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पांढुर्ण्याच्या रेल्वे स्थानकावरच मिळते. नागपूर-इटारसी हा लोहमार्ग या गावाला थेट उत्तर भारताशी जोडतो. या मार्गाने केदारनाथ, बदरीनाथ आणि अमरनाथचे यात्रेकरू जातात, सुटीवरून परतणारे जवान जातात, आणि अलीकडे गिर्यारोहणाची हौस असलेले तरुणही जातात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तोवर हे दोन्ही तालुके ज्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडत होते, त्याच जिल्ह्यातील तामियाच्या भावना डेहेरिया यांनी २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्ट शिखर गाठले. अशा यशामुळे तरुणांच्या मनात हिमशिखरांची ओढ निर्माण होते, आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु जो प्रदेश आपला नाही, त्याची भाषा शिकल्यावाचून तेथे जाणे हिताचे नसते.

मैदानातील माणसाला पुराची भाषा कळते. नदीचे पाणी गढूळ झाले, त्यातून काड्याकुड्या वाहत येऊ लागल्या, की गावकरी काठावरून मागे सरतो. बर्फाच्या उतारालाही अशाच खुणा असतात. त्या वाचण्याचा सराव मात्र त्याला नसतो.

थरांचा इतिहास

भूशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांचा उल्लेख असतो. मँगनीजच्या साठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्राचीन खडकांना सौंसर गावाचेच नाव मिळालेले आहे. भूशास्त्रज्ञ खडकांचे थर पाहून पृथ्वीचा इतिहास वाचतो. हिमशास्त्रज्ञही तसेच करतो. तो बर्फात खड्डा खणतो, खड्ड्याची एक बाजू सरळ तासतो आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर तपासतो. कोणता थर घट्ट आहे, कोणता भुसभुशीत, कोठे पातळ कवच धरले आहे, कोठे दाणे मोकळे झाले आहेत, हे तो पाहतो. एका हिवाळ्यातील सारे हवामान त्या उभ्या छेदात नोंदलेले असते.

हिमालयात हिवाळ्यात जो बर्फ पडतो, त्यातील बराचसा पश्चिमेकडून येणाऱ्या हवामानप्रणालींमुळे पडतो. त्यांना पश्चिमी विक्षोभ असे म्हणतात. पांढुर्ण्याच्या बागांवर गारा आणणाऱ्या हवामानाचे मूळही अनेकदा याच विक्षोभात असते. एकाच प्रणालीचे उत्तरेत हिमवर्षावाने आणि मध्य भारतात गारपिटीने दर्शन घडते. तेव्हा येथील बागाईतदार आणि तेथील डोंगरवासी हे एका अर्थाने एकाच आभाळाकडे डोळे लावून असतात.

प्रत्येक विक्षोभागणिक उतारावर नवा थर चढतो. दोन हिमवर्षावांच्या मध्ये निरभ्र, थंड रात्री येतात. अशा रात्री बर्फाचा पृष्ठभाग अतिशय थंड होतो आणि त्यावर हिमदवाचे नाजूक, पिसासारखे स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात ते सुंदर चमकतात. नंतर नवा बर्फ पडला, की ते त्याखाली गाडले जातात आणि दोन थरांमध्ये एक दुबळी फट राहून जाते.

तळाशीही असेच घडते. बर्फाखालील जमिनीचे तापमान बहुधा शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरचा पृष्ठभाग उणे वीस अंशांपर्यंतही उतरू शकतो. बर्फाचा थर पातळ असेल तर एवढा फरक थोडक्या जाडीत सामावलेला असतो. मग खालची वाफ वर चढू लागते, बर्फाचे कण आपला आकार बदलतात, मोठे व कोनदार होतात, आणि एकमेकांना धरून राहण्याची त्यांची शक्ती नाहीशी होते. मुठीत घेतल्यास ते साखरेसारखे ओघळून जातात. काराकोरमसारख्या अतिथंड व कोरड्या प्रदेशात हा प्रकार विशेष आढळतो. पीर पंजाल रांगेत बर्फ अधिक व तुलनेने ऊबदार असतो. तेथे थोड्या अवधीत पडलेला भरघोस बर्फ हेच धोक्याचे मोठे कारण ठरते.

लादी कशी सुटते?

जमिनीवर मोहरीचे दाणे पसरावेत, त्यांवर फळी ठेवावी आणि जमिनीला उतार द्यावा. काही काळ फळी जागच्या जागी राहील. पण कोणी तिच्यावर पाय ठेवताच ती दाण्यांवरून सरकेल. बर्फाच्या उतारावर हेच घडते. वाऱ्याने दाबून बसवलेला वरचा घट्ट थर म्हणजे ती फळी, आणि खालचा दुबळा थर म्हणजे ते दाणे. माणसाच्या भाराने दुबळा थर एका ठिकाणी मोडतो, ती मोड क्षणार्धात चहूकडे पसरते, आणि घराच्या अंगणाएवढी किंवा गावाच्या शिवाराएवढी बर्फाची लादी एकदम सुटते. वर उभा असलेला माणूस त्या लादीसह खाली जातो. लादी फुटण्याची रेघ पुष्कळदा त्याच्या वरच्या बाजूस उमटते, त्यामुळे उडी मारून बाजूला होण्यास त्याला अवसर मिळत नाही.

उतार किती असावा, यालाही माप आहे. संत्र्यांची रास एका मर्यादेपेक्षा उभी रचता येत नाही, फळे घरंगळू लागतात. अतिशय उभ्या कड्यावर बर्फही टिकत नाही, तो थोडाथोडा गळत राहतो. फार सौम्य उतारावर तो सुटत नाही. यांमधला उतार घातक असतो. लादी सुटण्याच्या बहुसंख्य घटना ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात. काटकोनाचा तिसरा हिस्सा म्हणजे ३० अंश आणि निम्मा म्हणजे ४५ अंश. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील कोनमापकाला दोरा व लहानसे वजन बांधले तरी हा कोन मोजता येतो. स्वतःच्या पायांखालचा उतार सौम्य असला तरी तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. डोक्यावरचा उतार उभा असेल तर तेथून सुटलेला बर्फ खालच्या सपाटीवरही येऊन पोहोचतो.

हौशी गिर्यारोहक व बर्फावरील खेळाडू यांच्या अपघातांचा पाश्चात्त्य देशांत जो अभ्यास झाला आहे, त्यावरून एक बोधप्रद गोष्ट निष्पन्न होते. प्राणघातक ठरलेल्या दहांपैकी सुमारे नऊ घटनांमध्ये ते स्खलन त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच सुरू झालेले असते. याचा अर्थ असा, की अशा बहुतेक प्रसंगी उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी निर्णय माणसाच्या हाती होता.

चार घटना

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिन हिमनदीवरील सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली. सुमारे १९,६०० फूट उंचीवरील या चौकीतील दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवानही होता. कर्नाटकातील लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड हे सहा दिवसांनंतर खोल बर्फाखाली जिवंत आढळले, तेव्हा साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ११ फेब्रुवारी रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. जवानाला चौकी सोडता येत नाही, ते त्याचे कर्तव्य असते. यात्रेकरूला आणि पर्यटकाला मात्र परत फिरण्याची मुभा असते. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी स्खलनात सापडली. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून पंचवीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर करणाऱ्या सविता कंसवाल या प्रशिक्षिकाही त्यांत होत्या. अनुभव ही मोठी शिदोरी खरी, पण उतार कोणाचा अनुभव विचारीत नाही.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन झाले आणि सात पर्यटक दगावले. त्या दिवशी पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. परवानगीची मर्यादा आणि मृत्यूची जागा यांत अवघ्या दोन मैलांचे अंतर होते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथपलीकडच्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगार छावणीवर बर्फ कोसळला. ५४ कामगार त्यात सापडले. सैन्य व अन्य दलांच्या अथक प्रयत्नांमुळे ४६ जणांची सुटका झाली, आठ जण मृत्युमुखी पडले. चमोलीसह उत्तराखंडातील उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या सायंकाळीच देण्यात आलेला होता. इशारा प्रसृत होणे आणि तो शेवटच्या छावणीतील शेवटच्या माणसाच्या हालचालींत उतरणे, यांत अंतर राहिले तर इशाऱ्याचे चीज होत नाही.

इशारा कोण देते?

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९६९ मध्ये मनाली येथे सुरू झालेल्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने हाती घेतला. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या या संस्थेचे २०२० मध्ये भूप्रदेशविषयक दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी एकत्रीकरण होऊन चंडीगढ येथे संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था आकारास आली. हिमालयातील निरीक्षण केंद्रांवरून बर्फाची जाडी, तापमान, वारा यांच्या नोंदी घेऊन ही संस्था हिमस्खलनाचे अंदाज वर्तवते. धोक्याच्या पाच पायऱ्या मानल्या जातात. पहिली सर्वांत सौम्य व पाचवी सर्वांत उग्र. यांपैकी तिसरी पायरी पुष्कळांची फसगत करते. पाचांतली मधली म्हणजे मध्यम धोका, असे सामान्य माणूस समजतो. वस्तुतः तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या भारानेही उतार सुटणे संभवनीय असते. परदेशांत पुष्कळसे मृत्यू याच पायरीच्या दिवशी नोंदले गेले आहेत, कारण चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरीच थांबतात.

उताराच्या खुणा

उपकरणे नसतानाही काही खुणा साध्या डोळ्यांनी व कानांनी टिपता येतात.

शेजारच्या उतारावर ताजे स्खलन झालेले दिसल्यास, तशाच दिशेचा व तशाच चढाचा दुसरा उतार विश्वासार्ह मानू नये. पाऊल टाकताच बर्फ ‘धप्प’ असा पोकळ आवाज करीत खाली बसला, किंवा पायांपासून तडा धावत गेला, तर दुबळा थर मोडला असे समजून सौम्य उताराकडे माघारी यावे. गेल्या चोवीस तासांत फूटभर किंवा त्याहून अधिक नवा बर्फ पडला असेल, जोराचा वारा वाहिला असेल, बर्फावर पाऊस पडला असेल किंवा एकाएकी ऊन तापले असेल, तर तो दिवस मुक्कामाचा मानावा. वारा ज्या बाजूने वाहतो तिकडचा बर्फ उचलून कड्याच्या पलीकडच्या बाजूस साठवतो. तेथे शिखराच्या धारेवर बर्फाचे छज्जे लोंबतात. त्यांच्यावर उभे राहू नये आणि त्यांच्याखालीही थांबू नये.

देवदारांच्या रानात वरपासून खालपर्यंत झाडे नसलेला पट्टा दिसला, किंवा उभ्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर तो स्खलनाचा नेहमीचा मार्ग असतो. अशा पट्ट्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये. अरुंद नाळीत आलेला थोडा बर्फही खोल साचतो, म्हणून नाळीतून जाणे टाळावे. संशयास्पद जागा ओलांडणे अपरिहार्यच असेल तर एका वेळी एकानेच ओलांडावी आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

पहिली पंधरा मिनिटे

एवढी काळजी घेऊनही प्रसंग ओढवलाच, तर वेळेचा हिशेब फार कठोर असतो. बर्फाखाली पूर्णपणे गाडल्या गेलेल्या व प्राणांतिक मार न लागलेल्या माणसांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की वाचणाऱ्यांचे प्रमाण तीनांत एकाच्या आसपास येते. हनुमंतप्पांसारखे उदाहरण विरळाच. मृत्यूचे मुख्य कारण गुदमरणे हे असते. थांबलेला बर्फ क्षणात घट्ट होतो आणि त्याच्या एका घनमीटरचे वजन चार-पाच क्विंटलही भरते. त्यातून स्वतःच्या बळाने बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते.

बचाव दल कितीही तत्पर असले तरी पंधरा मिनिटांत त्या उतारावर पोहोचणे त्याला क्वचितच शक्य होते. प्राण वाचवतो तो शेजारचा सोबती. म्हणून बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या गिर्यारोहकांपैकी प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर संकेत देणारे व घेणारे शोधयंत्र, बर्फात खुपसून पाहण्याची लांब घडीची काठी आणि फावडे. यांपैकी एकही कमी असेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग अर्ध्यावर येतो. सोबती जेथे शेवटचा दिसला ती जागा मनात पक्की करावी, दुसरे स्खलन होण्याचा संभव नाही हे पाहून लगेच खालच्या दिशेने शोध घ्यावा आणि सापडताच आधी त्याचे तोंड व नाक मोकळे करावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. मात्र संपर्क होत नाही म्हणून शोध थांबवू नये. स्वतः स्खलनात सापडलेल्याने पृष्ठभागाजवळ राहण्याची धडपड करावी आणि वेग मंदावताच चेहऱ्यासमोर हात आणून श्वासापुरती जागा राखावी.

यात्रेकरूंनी काय करावे?

यात्रेकरूकडून शोधयंत्राची अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्यासाठी नियम थोडे आणि सोपे आहेत. २०१३ च्या महापुरानंतर केदारनाथचा पायी मार्ग रामबाड्यापासून लिंचोलीमार्गे नव्याने आखण्यात आला. या मार्गावर भैरव गदेरा, कुबेर गदेरा यांसारख्या नाळींतून यात्रेच्या आरंभीच्या दिवसांत बर्फ खाली उतरतो. कपाट उघडल्याबरोबर पहिल्या दिवसांत दर्शन घेण्याची आस मोठी असते. बर्फ मात्र त्या मुहूर्ताच्या आधी वितळून जात नाही. वृद्ध माणसे बरोबर असतील तर दोन-तीन आठवडे उशिरा निघण्यात देवाचा रोष होत नाही.

नोंदणी आपल्या खऱ्या नावाने व चालू भ्रमणध्वनी क्रमांकासह करावी. मार्ग बंद असल्याचे सांगितले गेल्यास जवानाशी किंवा पोलिसाशी हुज्जत घालू नये. बर्फाच्या नाळीत छायाचित्रासाठी थांबू नये. दुपारच्या उन्हात बर्फ सैल होतो, म्हणून अशा जागा सकाळीच ओलांडाव्यात. परतीचे तिकीट काढताना हाताशी एक-दोन दिवस राखून ठेवावेत. परतीच्या गाडीची घाई माणसाला कित्येकदा बंद वाटेवर पाऊल टाकायला लावते.

घरी राहणाऱ्यांवरही एक जबाबदारी आहे. यात्रेला किंवा मोहिमेला निघालेल्या माणसाचा मार्ग, मुक्काम व परतीचा दिवस घरी लिहून ठेवावा. तो वाटेतून परत आला तर ‘एवढे जाऊन दर्शन न घेताच आलात?’ किंवा ‘शिखर राहिलेच का?’ असे विचारून त्याला खजील करू नये. या प्रश्नाच्या धास्तीने पुढे गेलेली माणसे थोडी नाहीत. पूर चढलेला पाहून नदीकाठावरून मागे फिरलेल्या माणसाला पांढुर्ण्यात किंवा सौंसरात कोणी भित्रा म्हणत नाही, त्याला शहाणाच म्हणतात. बर्फाच्या उतारावरून मागे फिरलेल्यालाही हाच मान मिळाला पाहिजे. असा मान देणे प्रत्येक घराला शक्य आहे, आणि पुढच्या यात्रेपूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून तसे ठरवून ठेवावे.